प्रबंधलेखनातील वाङ्मयचौर्य : हेतू, लक्षणे व चिकित्सा

आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शिक्षणात प्रबंधास विशेष स्थान आहे. विद्यार्थ्याने निवडलेल्या विषयात स्वतः काय वाचले, किती रुग्ण पाहिले, काय मोजले आणि त्यावरून कोणता निष्कर्ष काढला, याचे लेखी निवेदन म्हणजे प्रबंध होय. हे निवेदन त्याचे स्वतःचे आहे या विश्वासावरच विद्यापीठ पदवी देते, परीक्षक मान्यता देतात आणि पुढील विद्यार्थी त्याचा आधार घेतात. कालांतराने त्यातील एखादा निष्कर्ष व्यावसायिक वैद्यांच्या चिकित्सालयात आणि औषधनिर्मात्यांच्या कारखान्यातही येऊन पोहोचतो.

हा विषय महाविद्यालयांचा आहे, त्याचा आम्हा व्यावसायिकांशी काय संबंध, असा प्रश्न काही वैद्यबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या कल्पाची मात्रा, अनुपान किंवा नवीन आमयिक प्रयोग यांचा आधार शोधताना आपण जेव्हा एखाद्या प्रबंधाकडे वळतो, तेव्हा त्यातील आकडे खरोखर रुग्णांवरून आलेले आहेत की दुसऱ्या प्रबंधातून उतरविलेले आहेत, यावर आपल्या रुग्णाचे हित अवलंबून असते. म्हणून या लेखात वाङ्मयचौर्याचा विचार आम्ही आपल्या परिचयाच्या पद्धतीने, म्हणजे स्वरूप, हेतू, लक्षणे व चिकित्सा या क्रमाने करणार आहोत.

स्वरूप

दुसऱ्याचे शब्द, विचार, आकडे, कोष्टके किंवा मांडणी मूळ कर्त्याचा उल्लेख न करता स्वतःची म्हणून पुढे ठेवणे यास वाङ्मयचौर्य म्हणतात. ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, आपल्याकडे ज्ञान सर्वांचे मानले जात असे, असे कधीकधी ऐकू येते. वस्तुस्थिती तशी नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने काव्यमीमांसेत हरण या विषयाचा सविस्तर विचार केला असून शब्दहरण व अर्थहरण असे भेद मानले आहेत. शब्दहरणाचेही पद, पाद, अर्ध, वृत्त व प्रबंध असे पाच प्रकार त्याने सांगितले. एका शब्दापासून संपूर्ण ग्रंथापर्यंतची ही चढती श्रेणी पाहिली म्हणजे हा रोग जुना आहे आणि त्याचे वर्गीकरणही जुने आहे, हे ध्यानात येते.

आपली परंपरा काय सांगते ?

चरकसंहितेच्या अध्यायांच्या शेवटी येणारी पुष्पिका आपण विद्यार्थिदशेत पाठ केली, परंतु तिच्या अर्थाकडे फारसे लक्ष दिले नाही. मूळ तंत्र अग्निवेशाचे, प्रतिसंस्कार चरकाचा, आणि जेथे मूळ भाग उपलब्ध नव्हता तेथे पूर्ती दृढबलाची, असे तीन स्तर ती वेगळे करून सांगते. चिकित्सास्थानाचे १७ अध्याय आणि कल्प व सिद्धी या दोन स्थानांचे प्रत्येकी १२, असे एकूण ४१ अध्याय दृढबलाने पूर्ण केले. संहितेच्या १२० अध्यायांपैकी हा सुमारे एक तृतीयांश भाग आहे. हे काम आपण अनेक तंत्रांतून वेचून केले, असेही तो मोकळेपणाने सांगतो. नाव झाकले असते तर कोणी विचारणार नव्हते. तरीही त्याने ते झाकले नाही, म्हणूनच आज चरकाचे मत कोणते व दृढबलाचे कोणते, याचा विचार अभ्यासकाला करता येतो.

सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायातील रससंख्येची चर्चा याहूनही उद्बोधक आहे. रस एकच असे भद्रकाप्य म्हणतो. दोन असे शाकुंतेय, तीन असे पूर्णाक्ष मौद्गल्य, चार असे हिरण्याक्ष कौशिक, पाच असे कुमारशिरा भरद्वाज, सहा असे राजर्षी वार्योविद, सात असे निमी वैदेह, आठ असे बडिश धामार्गव आणि असंख्य असे कांकायन म्हणतो. अखेरीस भगवान पुनर्वसू आत्रेय रस सहाच आहेत असा निर्णय देतात. येथे जी मते अमान्य झाली तीही ज्याची त्याच्या नावाने नोंदविलेली आहेत. पूर्वपक्ष कोणाचा हे सांगितल्याशिवाय सिद्धांताचे मोल कळत नाही, ही त्यामागील दृष्टी आहे. आजच्या प्रबंधातील ‘पूर्वसाहित्याचा आढावा’ या प्रकरणाचे कार्य याहून निराळे नाही.

तंत्रयुक्तींमध्येही या शिस्तीला स्थान आहे. चरकाने ३६ आणि सुश्रुताने ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. दुसऱ्याचे मत न नाकारता घेतले असता त्यास ‘अनुमत’ म्हटले जाते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या अखेरच्या अधिकरणात ज्या ३२ युक्ती दिल्या त्यांत अमुक असे म्हणतो, अशा रीतीने मत नोंदविणे यास ‘अपदेश’ अशी संज्ञा आहे. संदर्भ देण्यासाठी स्वतंत्र पारिभाषिक शब्द असणे हीच त्या प्रथेची साक्ष होय.

चक्रपाणिदत्ताने तर आपल्या चिकित्सासंग्रहाच्या शेवटी कडक भाषा वापरली आहे. वृंदाच्या सिद्धयोगाचा आधार घेतल्याचे तो सांगतो, आणि त्याहून अधिक जे योग आपण दिले त्यांत ढवळाढवळ करणाऱ्यास शापही देतो. स्वतःचे कोणते व दुसऱ्याचे कोणते, या सीमारेषेची त्यास किती चाड होती हे यावरून दिसते.

आता एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. माधवनिदानात चरक, सुश्रुत व वाग्भट यांचे श्लोक जसेच्या तसे आले आहेत आणि प्रत्येक श्लोकापुढे कर्त्याचे नाव नाही. मग माधवकरासही चोर म्हणावे काय? मुळीच नाही. नाना मुनींच्या वचनांतून आपण हा संग्रह केला, असे माधवकर प्रारंभीच सांगतो. संग्रह हा संग्रह म्हणूनच पुढे ठेवला आहे, नवीन शोध म्हणून नव्हे. शिवाय त्याच्या वाचकास मूळ संहिता मुखोद्गत असत. मधुकोशात विजयरक्षिताने आणि अश्मरीनिदानानंतर त्याचा शिष्य श्रीकंठदत्ताने मूळ वचनांचा परामर्श ठायी ठायी घेतला, आणि गुरूचे काम कोठे थांबले व आपले कोठे सुरू झाले याचीही नोंद राहिली. आजचा प्रबंध मात्र ‘हे काम माझे आहे’ अशा लेखी प्रतिज्ञेसह सादर होतो व त्यावर पदवी मिळते. उतरविणे हा एकटाच दोष नसून, उतरविलेल्यावर स्वतःचे नाव घालणे हा खरा दोष आहे.

एक उदाहरण : सितोपलादी चूर्ण

संदर्भाची हेळसांड औषधापर्यंत कशी पोहोचते, हे आपल्या नित्य वापरातील एका कल्पावरून पाहू. सितोपलादी चूर्ण चरकाच्या राजयक्ष्मा चिकित्सेत आले आहे. तेथे खडीसाखर, तुगाक्षीरी, पिंपळी, वेलची व दालचिनी अशी पाच द्रव्ये क्रमाने देऊन, शेवटच्या द्रव्यापासून वर वर दुप्पट घ्यावे, एवढीच रीत सांगितली आहे. आकडे तेथे नाहीत. ते शार्ङ्गधराने दिले : १६, ८, ४, २ व १ भाग, एकूण ३१.

आता समजा, एका विद्यार्थ्याने मूळ न पाहता दुसऱ्या प्रबंधातून ही माहिती उतरवली आणि तेथे ‘शेवटच्यापासून वर’ याऐवजी ‘पहिल्यापासून पुढे दुप्पट’ असे चुकून लिहिले गेले होते. मग खडीसाखर १ भाग व दालचिनी १६ भाग होईल. मधली पिंपळी तेवढी आपल्या ४ भागांवर राहील. शुष्क कास, दाह, हातापायांची आग अशा रुग्णास द्यावयाचे चूर्ण अत्यंत तीक्ष्ण व उष्ण होऊन बसेल. इतकी ढोबळ चूक कोणीही वैद्य ओळखील हे खरे. परंतु कमी परिचित कल्पात अशीच चूक झाली तर ती ओळखणार कोण? मूळ ग्रंथ उघडणारी व्यक्ती या साखळीत कोठेच नसेल, तर पहिल्याची चूक दहाव्यापर्यंत निर्वेध जाते, आणि दहा प्रबंधांत एकच गोष्ट सापडल्यामुळे ती प्रमाण वाटू लागते.

दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. तुगाक्षीरी म्हणजे नेमके कोणते द्रव्य, वंशलोचन घ्यावे की तवकीर, हा द्रव्यनिश्चितीचा प्रश्न प्रत्येक फार्मसीचालकास खरेदीच्या वेळी भेडसावतो. मूळ वाचणाऱ्या विद्यार्थ्यास हा प्रश्न तेथल्या तेथे दिसतो व तो त्यावर काही पाने खर्च करतो. उतरविणारा ‘वंशलोचन ८ भाग’ असे लिहून पुढे जातो. वाङ्मयचौर्याने मूळ लेखकाचे श्रेय जाते, तसाच विचारता आला असता असा एक प्रश्नही नाहीसा होतो.

प्रकार

आयुर्वेदीय प्रबंधांच्या बाबतीत खालील प्रकार ध्यानात ठेवावेत.

१. शब्दशः हरण : परिच्छेद किंवा प्रकरण जसेच्या तसे घेणे.

२. गोधडी : काही शब्द बदलून, वाक्ये मागेपुढे करून मूळ मजकूरच मांडणे. अमेरिकेतील लेखनशिक्षणाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात यास ‘पॅचरायटिंग’ असे नाव दिले. नवशिक्या विद्यार्थ्यास विषय पुरता न समजल्याचे हे चिन्ह असू शकते, आणि त्याकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

३. भाषांतरित हरण : इंग्रजी किंवा हिंदी लेखाचे मराठी करून, अथवा उलट करून, मूळ लेखकाचे नाव गाळणे. आपल्याकडे विद्यार्थी संस्कृत, मराठी, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत वावरतो, म्हणून या प्रकारास मोठा वाव आहे. एकाच भाषेतील शब्दसाम्य मोजणाऱ्या संगणक प्रणालीस तो सहज चुकवितो.

४. संदर्भहरण : सुश्रुताचे वचन एखाद्या आधुनिक पाठ्यपुस्तकात वाचावयाचे आणि संदर्भ मात्र थेट सुश्रुताचा द्यावयाचा. न वाचलेला ग्रंथ वाचल्याचा हा आभास होय.

५. आकड्यांचे हरण : रुग्णसंख्या, सरासरी, कोष्टके दुसऱ्या अभ्यासातून घेणे किंवा रचणे. रचलेले आकडे हे चौर्याच्याही पुढचे, म्हणजे बनावट पुराव्याचे प्रकरण आहे, आणि वैद्यकात ते सर्वांत घातक होय.

६. परहस्ते लेखन : मोबदला देऊन दुसऱ्याकडून प्रबंध लिहवून घेणे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यापासून तशा संगणकीय साधनांकडून मजकूर तयार करवून घेणे हा त्याचाच नवा अवतार पुढे आला आहे. ही साधने अस्खलित भाषेत अस्तित्वात नसलेले लेख व चुकीचे श्लोकक्रमांकही देतात, हे विशेष ध्यानात ठेवावे.

हेतू

निदानाशिवाय चिकित्सा नाही. विद्यार्थी असे का करतो, याची कारणे आम्हांस चार प्रकारची वाटतात.

पहिले कारण अज्ञान. पदवी परीक्षेपर्यंत ‘जसेच्या तसे’ उत्तर लिहिणाऱ्यास शाबासकी मिळते. श्लोक पाठ करणे हा तर आपल्या शिक्षणाचा पाया आहे व तो असावाच. परंतु ज्याने आठ-दहा वर्षे पाठांतरावर गुण मिळवले त्यास एके दिवशी ‘आता स्वतःचे लिही’ असे सांगून, ते कसे लिहावे हे मात्र कोणी शिकविलेले नसते.

दुसरे कारण भाषेची अडचण. मराठीत विचार करणारा विद्यार्थी इंग्रजीत प्रबंध लिहू पाहतो. स्वतःचे वाक्य सदोष होईल या भीतीने तो दुसऱ्याचे निर्दोष वाक्य उचलतो.

तिसरे कारण कालाभाव. रुग्णालयातील सेवा, अध्यापनास साहाय्य व परीक्षा यांत वेळ जातो आणि प्रबंध अखेरच्या महिन्यांवर ढकलला जातो. रुग्णसंख्या भरत नाही, तेव्हा आकडे रचण्याचा मोह होतो.

चौथे कारण प्रज्ञापराध. चूक आहे हे कळत असूनही, कोणी वाचत नाही, पूर्वीच्यांनीही असेच केले, या समजुतीने केलेले कर्म यात येते. मार्गदर्शकाने प्रबंध न वाचता स्वाक्षरी केली, तर या हेतूस तोही पोषक ठरतो.

पहिल्या तिन्ही हेतूंवर शिक्षण हा उपाय आहे, चौथ्यावर शासन. सर्वांना एकच औषध देणे ही चिकित्सेतील चूक ठरेल. अमेरिकेत विद्यापीठीय लेखनवर्गांची मोठी परंपरा आहे. तेथील लेखन अभ्यासक्रमांच्या संचालकांच्या परिषदेने जानेवारी २००३ मध्ये काढलेल्या निवेदनातही हेतुपुरस्सर केलेली चोरी आणि संदर्भ देण्यातील अज्ञान यांत स्पष्ट भेद केला आहे, आणि जबाबदारी विद्यार्थी, अध्यापक व संस्था या तिघांवर ठेवली आहे.

लक्षणे

मार्गदर्शक व परीक्षक यांना पुढील लक्षणांवरून शंका घेता येते.

भाषेची पातळी एका परिच्छेदापासून दुसऱ्यात एकदम बदलते. मात्रा एका कोष्टकात रतीत, दुसऱ्यात मिलिग्रॅममध्ये असते व दोहोंचा मेळ बसत नाही. ग्रंथसूचीत असे ग्रंथ असतात की जे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नाहीत व विद्यार्थ्याने अन्यत्रही पाहिलेले नाहीत. श्लोकक्रमांक ज्या आवृत्तीचे म्हणून दिले तिच्याशी जुळत नाहीत. मूळ प्रबंधातील छपाईच्या चुकाही इमानाने उतरलेल्या असतात. विद्यार्थिनीच्या प्रबंधात ‘मी असे पाहत आलो’ असे वाक्य सापडते. दोन निरनिराळ्या गावांतील, निरनिराळ्या वर्षांतील अभ्यासांत सरासरी व प्रमाण विचलन दशांशापर्यंत सारखे येते. कोणीही रुग्ण मध्येच उपचार सोडून गेलेला नाही, असे दिसते. चिकित्सालय चालविणाऱ्यास हे किती अशक्य आहे ते सांगावयास नको.

एकट्या लक्षणावरून व्याधीचा निश्चय करू नये. प्रश्न हीच उत्तम परीक्षा होय. ‘हे वचन आपण कोणत्या आवृत्तीत पाहिले ?’, ‘त्याच्या मागील श्लोकात काय आहे ?’, ‘हा बारावा रुग्ण कसा होता ?’ अशा तीन प्रश्नांत बहुतेक उलगडा होतो. ज्याने काम केले आहे तो बाराव्या रुग्णाविषयी दहा मिनिटे बोलतो.

नियम काय आहेत ?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये उच्च शिक्षण संस्थांतील शैक्षणिक प्रामाणिकता व वाङ्मयचौर्य प्रतिबंध यांविषयीचे विनियम जारी केले. पदव्युत्तर व संशोधन पदवीसाठी सादर केलेले प्रबंध तसेच प्रकाशित लेख त्यांच्या कक्षेत येतात. वर्गातील स्वाध्याय व उत्तरपत्रिका येत नाहीत. त्यानुसार प्रबंधातील साम्याच्या पातळ्या अशा आहेत :

१० टक्क्यांपर्यंत : किरकोळ साम्य, दंड नाही.
१० ते ४० टक्के : सहा महिन्यांपर्यंतच्या ठरावीक मुदतीत सुधारित प्रबंध सादर करणे.
४० ते ६० टक्के : एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई.
६० टक्क्यांहून अधिक : त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द.

साम्य मोजताना योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वमान्य संज्ञा व प्रमाण सूत्रे वगळली जातात. प्रबंध स्वतःचा असल्याची प्रतिज्ञा विद्यार्थ्याने द्यावयाची असते आणि तो वाङ्मयचौर्यापासून मुक्त असल्याचे प्रमाणपत्र मार्गदर्शकाने. तक्रारीचा विचार प्रथम विभागीय व नंतर संस्थेच्या समितीत होतो. आपापल्या विद्यापीठाची परिपत्रके याखेरीज पाहावीत.

येथे एक धोका आम्हांस नमूद करावासा वाटतो. १० टक्के ही परवानगी नव्हे. शंभर पानांच्या प्रबंधात निष्कर्षाचे एकच कोष्टक दुसऱ्याचे असेल तर साम्य एक टक्का दिसेल, परंतु प्रबंधाचा प्राणच चोरीचा असेल. उलटपक्षी, संहितेतील श्लोक अवतरणचिन्हांत नीट न दिल्यामुळे प्रामाणिक विद्यार्थ्याच्या प्रबंधातही साम्याचा आकडा फुगू शकतो. यंत्र नाडीचे ठोके मोजते, नाडीपरीक्षा मात्र वैद्यालाच करावी लागते. आकडा खाली आणण्यासाठी शब्द फिरविण्याचे कौशल्य विद्यार्थी शिकला, तर व्याधी बरी न होता केवळ लक्षण दडपले जाईल.

चिकित्सा : लेखनाचा एक पाठ

निदानपरिवर्जन ही प्रथम चिकित्सा. प्रबंधाचा विषय निश्चित होण्यापूर्वीच लेखनाचे काही वर्ग घ्यावेत. त्यातील एक पाठ येथे नमुन्यादाखल देत आहोत. पुढील उतारा आम्हीच या पाठासाठी रचला आहे. तो कोणा ‘लेखक क’ यांच्या पुस्तकातील आहे, असे मानावे :

‘पिंपळी रसाने कटू असली तरी तिचा विपाक मधुर आहे. त्यामुळे ती दीर्घकाळ घेतली तरी बाधत नाही, असा समज रूढ झाला आहे. परंतु चरकाने विमानस्थानात पिंपळी, क्षार व लवण यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे.’

पहिला विद्यार्थी हा उतारा तसाच उतरवितो. हे उघड चौर्य आहे.

दुसरा लिहितो : ‘पिंपळी चवीने तिखट असूनही तिचा विपाक गोड असतो. म्हणून ती बरेच दिवस घेतल्यास त्रास होत नाही, अशी समजूत आहे. मात्र विमानस्थानात चरकाने पिंपळी, क्षार व मीठ यांचा अतिवापर टाळावा असे म्हटले आहे (चरक, विमानस्थान १).’ शब्द बदलले, परंतु विचारांचा क्रम, आक्षेप व उत्तर सर्व ‘क’ यांचे आहे. त्यांचे नाव नाही. उलट चरक स्वतः वाचल्याचा आभास आहे. ही गोधडी होय, आणि आपल्याकडील बहुसंख्य विद्यार्थ्यांना यात काही गैर आहे हे ठाऊकच नसते.

तिसरा पुस्तक मिटवून ठेवतो, चरक उघडतो, विमानस्थानाचा पहिला अध्याय चक्रपाणीच्या टीकेसह वाचतो, आणि मग लिहितो : ‘मधुर विपाकामुळे पिंपळी निर्धोक मानली जाते, या समजाकडे ‘क’ यांनी लक्ष वेधले आहे. चरकाचा अतियोगाचा निषेध (विमानस्थान १) पाहता हा इशारा योग्य वाटतो. तथापि चिकित्सास्थानाच्या रसायनाध्यायात वर्धमान पिंपळीचा प्रयोग चरकानेच सांगितला आहे. तेथे मात्रा क्रमाने वाढवून क्रमाने उतरविली जाते. प्रस्तुत अभ्यासात मात्रा ठरविताना हा भेद विचारात घेतला आहे.’

तिसऱ्या विद्यार्थ्याने ‘क’ यांचे श्रेय ‘क’ यांना दिले, चरकाचे चरकाला, आणि या दोहोंपुढे स्वतःचे एक पाऊल टाकले. ते पाऊल दिसण्यासाठीच पहिली दोन नावे आवश्यक होती. संदर्भ दिल्याने आपले काम लहान दिसेल ही भीती विद्यार्थ्याच्या मनातून काढणे, हे या पाठाचे फलित होय.

यासोबत पुढील पथ्ये सांगावीत :

अ) टिपणवहीत दुसऱ्याचे शब्द नेहमी अवतरणचिन्हांत, पृष्ठांकासह, आणि स्वतःचे विचार निराळ्या शाईने लिहावेत. पुष्कळसे चौर्य टिपणे काढतानाच नकळत घडते.

आ) संहितेचा संदर्भ स्थान, अध्याय, श्लोक व आवृत्ती या चारही अंगांनी द्यावा. उदाहरणार्थ, चरकाची निर्णयसागरची, वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली १९४१ ची आवृत्ती वापरली असल्यास तसे लिहावे. कारण निरनिराळ्या आवृत्तींत श्लोकक्रमांक बदलतात.

इ) मूळ ग्रंथ मिळाला नाही तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असे स्पष्ट लिहावे. यात कमीपणा नाही.

ई) रुग्णपत्रके ज्या दिवसाची त्याच दिवशी भरावीत आणि मार्गदर्शकाने दरमहा त्यांवर स्वाक्षरी करावी.

उ) अपेक्षित परिणाम दिसला नाही तरी तो तसाच नोंदवावा. नकारात्मक निष्कर्षाचा प्रबंधही उत्तीर्ण होतो, असा विश्वास मार्गदर्शकाने दिला म्हणजे आकडे रचण्याचे निम्मे कारण दूर होते.

व्यावसायिक वैद्य व फार्मसीचालक यांचे कर्तव्य

औषधनिर्मात्यांना संदर्भाची शिस्त नवीन नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणग्रंथांची यादी आहे, आणि नियम १६१ प्रमाणे लेबलवर घटकद्रव्ये व त्यांचे प्रमाण यांसोबत प्रमाणग्रंथ व त्यातील अधिकार यांचा निर्देश करावा लागतो. ज्या डबीवर ग्रंथ व अधिकार छापल्याशिवाय ती बाजारात जात नाही, त्याच औषधावरील प्रबंध मात्र आधाराविना चालावा, हे विसंगत आहे. २०१० मध्ये समाविष्ट झालेल्या नियम १५८-ब नुसार परवाना देताना औषधप्रकारानुसार प्रकाशित साहित्य व परिणामकारकतेचा पुरावा मागितला जातो. असा पुरावा म्हणून एखादा प्रबंध पुढे करण्यापूर्वी तो निर्मळ आहे ना, हे पाहणे निर्मात्याच्याच हिताचे आहे.

अनेक फार्मसी विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी औषध पुरवितात. हे स्तुत्य आहे. परंतु औषध देतानाच तीन गोष्टी मागाव्यात : नीतिसमितीच्या संमतीची प्रत, २००७ पासून चालू असलेल्या भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदणीतील क्रमांक, आणि अभ्यास संपल्यावर मूळ रुग्णपत्रके पाहण्याची मुभा. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंदणी पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच करावी लागते. त्यामुळे रुग्णसंख्या व मोजमाप आधी ठरलेले असते आणि मागाहून आकडे जुळविणे कठीण होते. ‘परिणाम चांगला आला पाहिजे’ अशी अपेक्षा मात्र निर्मात्याने कधीही बोलून दाखवू नये. विद्यार्थी ती आज्ञा समजतो.

व्यावसायिक वैद्यांनी संमेलनातील शोधनिबंध, नियतकालिकातील लेख व रुग्णांसाठीची पत्रके यांतही हीच शिस्त पाळावी. गुरूकडून मिळालेला अनुभूत योग गुरूच्या नावाने सांगावा. दुसऱ्या वैद्याचा रुग्णानुभव त्याच्या संमतीने व नावाने द्यावा. विद्यार्थी आपल्याकडे पाहून शिकतात, ही गोष्ट ‘नियम कडक करा’ अशी मागणी करताना आपण विसरू नये.

समारोप

वाङ्मयचौर्य हे केवळ परीक्षेतील गैरवर्तन नव्हे. आपले शास्त्र आप्तोपदेशास प्रमाण मानते. आप्त कोण, हे कळल्यावाचून उपदेशाचे प्रामाण्य ठरत नाही. नाव पुसले की वचन राहते, परंतु त्याची परीक्षा करण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून संदर्भ देणे हा शिष्टाचार नसून प्रमाणपरीक्षेचा भाग आहे, अशी आमची धारणा आहे.

यासाठी आम्ही सर्व वाचकांपुढे एक लहानशी विनंती ठेवतो. येत्या काळात ज्यांच्याकडे पदव्युत्तर विद्यार्थी मार्गदर्शनासाठी, रुग्णांसाठी किंवा औषधासाठी येतील, त्यांनी त्यास एवढेच विचारावे : ‘हे आपण कोठे वाचले ? ते पान मला दाखवाल का ?’ हा प्रश्न रागाने नव्हे, जिज्ञासेने विचारावा. ज्याने वाचले आहे तो आनंदाने ग्रंथ उघडील, आणि ज्याने वाचलेले नाही तो पुढच्या खेपेस वाचून येईल. इत्यलम्.